अर्धी मात्रा

सिस्टरांनी औषधाची बाटली डोळ्यांसमोर धरून जराशी हलवली तशी लेक ओट्याकडे वळली.

"एव्हाना संपत यायला हवी होती. अजून निम्मी कशी?"

लेकीने ओट्यावरचा धुतलेला पेला उचलला आणि पुन्हा धुवायला घेतला. आतल्या खोलीतून आईचं कण्हणं येत होतं. हाडांत पसरलेला कॅन्सर आता बरा होणार नाही, हे घरी पाठवताना डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. दुखणं मात्र आटोक्यात ठेवता येईल, असंही म्हणाले होते. त्यासाठी मॉर्फिनची ही बाटली होती आणि दर आठवड्याला घरी येणाऱ्या या सिस्टर.

"सांडलं का?"

"नाही."

"आई नको म्हणतात?"

"ती देईन तेवढं घेते." नळ बंद करायचंही तिला सुचत नव्हतं. "मीच कमी देते."

सिस्टरांनी हात लांबवून नळ बंद केला.

"पहिल्या दिवशी पूर्ण दिलं होतं. अशी झोपली, की हाका मारल्या तरी हूं नाही की चूं नाही. तेव्हापासून अर्धंच देते. माझ्या हातून काही झालं तर, सिस्टर? तुम्ही पुढच्या घरी निघून जाल. मला इथंच राहायचंय."

आता बोलणी बसणार म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. सिस्टरांनी शांतपणे विचारलं, "त्याआधी आईला नीट झोप कधी लागली होती?"

लेकीला आठवेना.

"मग ती साठलेली झोप होती, बाई. दुखायचं थांबलं की दमलेलं माणूस झोपणारच." त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, सगळं सांगितलं, विचारून घेतलं. "चल. पूर्ण मात्रा द्यायची. तूच दे, मी जवळ बसते."

आई उताणी पडली होती. चादर मुठीत घट्ट आवळलेली. हयात ब्लाउज शिवण्यात गेलेली, गिऱ्हाइकांना तोंडावर सुनावणारी बाई, पण आता ओठ मिटून होती.

"शून्य ते दहा. किती दुखतंय?" सिस्टरांनी विचारलं.

आईने लेकीकडे पाहिलं. "तीन."

"खरं सांगा."

"हिच्यासमोर तीनच."

लेक दाराकडे वळली. तिला पळून जावंसं वाटत होतं.

"थांब गं," आई म्हणाली. "अर्धं देतेस ते पहिल्यापासून ठाऊक आहे मला. जन्मभर मापं घेतली, एवढं कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुझे हात कापत होते." आईने श्वास गोळा केला. "आठ, सिस्टर. कधी नऊ."

लेकीने बिनसुईच्या सिरिंजमध्ये औषध भरलं. हात आजही कापत होते. सिस्टर मधे पडल्या नाहीत.

"दे," आई म्हणाली. "मी जाईन ती या आजाराने जाईन, तुझ्या हाताने नाही."

तिने दिलं. मग ती बसली, उठली, चपला सरळ केल्या, परत येऊन बसली.

"श्वास बघत राहा," सिस्टर म्हणाल्या. "संथ, पण एकसारखा असेल तर घाबरायचं नाही. फारच मंदावला किंवा अडखळायला लागला, हलवूनही जाग येईना, तर लगेच मला फोन कर. कुठल्याही वेळी."

हळूहळू कण्हणं थांबलं. त्या शांततेने लेकीचा जीव आणखी वरखाली झाला. तिने आईच्या नाकाशी बोट धरलं. काढलं. पुन्हा धरलं. सिस्टरांनी धरू दिलं.

अंथरुणात हालचाल झाली. आईने गुडघे जवळ घेतले आणि कुणाचा हात न लागता ती कुशीवर वळली. कित्येक दिवस चादर बदलायलाही तिला दोघांनी उचलावं लागत होतं, तेही किंकाळ्या ऐकत.

वळल्यावर तिच्या तोंडावर ऊन आलं.

"पडदा ओढा गं कुणीतरी," डोळे न उघडताच ती करवादली. "शोभेला लावलाय का?"

लेक उठली खरी, पण खिडकीपाशी पोचेपर्यंत तिला पडदाच दिसेनासा झाला.