अडुसष्ट डिग्री

नागपूरहून अमेरिकेत कॅरीला लेकीकडे आलेल्या शोभनाताईंना सारखी थंडी वाजायची. हिमानी ऑफिसला गेली की त्या भिंतीवरचा हीटिंगचा थर्मोस्टॅट पंचाहत्तर फॅरनहाइटवर नेऊन ठेवायच्या आणि हिमानी ऑफिसमधूनच, फोनवरच्या ॲपने, तो पुन्हा अडुसष्टवर आणायची.

"आई, एकदम वाढवलं की जादाचा हीटर सुरू होतो, नुसती वीज जाते. अडुसष्टला घर नीट गरम राहतं. स्वेटर घाल ना."

"घातलेत ना गं, दोन दोन," म्हणत शोभनाताई शाल ओढून बसायच्या.

शेवटी आईच्या समाधानासाठी हिमानीने टेक्निशियनला बोलावलं. त्याने प्रत्येक खोलीत तापमान मोजलं आणि सिस्टिममध्ये काहीच बिघाड नाही असं सांगितलं. त्यानंतर शोभनाताईंनी थर्मोस्टॅटला हात लावला नाही.

पुढच्याच आठवड्यात त्या बाथरूममध्ये चक्कर येऊन पडल्या. हॉस्पिटलमध्ये कळलं की पोटातल्या कॅन्सरमुळे आतल्या आत रक्त जात होतं, अंगात निम्मंही उरलं नव्हतं. आता फारसं काही करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. थंडी त्यामुळेच वाजत होती.

"कधीपासून वाजत होती?" डॉक्टरांनी विचारलं.

हिमानीने फोनवरचं ॲप उघडलं. आईने थर्मोस्टॅट पहिल्यांदा वाढवल्याची नोंद सात आठवड्यांपूर्वीची होती.


आणि त्याखाली, चारच मिनिटांनी, तिने स्वतः तो कमी केल्याची.