संगमरवरी दादा

दादा आणि मी जुळे. माझ्याआधी जन्मला, म्हणून आयुष्यभर दादा. तो गेल्यावर आईने त्याचा संगमरवरी अर्धपुतळा करायला सांगितला. समोर आरसा ठेवून मी छिन्नी उचलली. माझा भांग डावीकडे, त्याचा उजवीकडे; आरशात हुबेहूब तोच बसायचा. "एकदा तरी रडलास का रे?" आईने विचारलं. म्हटलं, "मॉडेल हललं की काम बिघडतं." पुतळा होत आल्यावर तिने त्याच्याभोवती फेरी मारली. "सगळं त्याचंच आहे. पण हसत का नाही?" "आई, ग्रीक थाटातले पुतळे हसत नसतात." "थाट गेला खड्ड्यात. माझा मुलगा हसायचा." ओठांपुरता दगड राखलेला होता. आरशासमोर बसून हसलो. आरशातल्या दादाचे ओठ हललेच नाहीत. पुन्हा हसलो. ढिम्म. चहा घेऊन आलेली आई मागून आरशात बघत राहिली. म्हणाली, "राहू दे. आज त्याचा मूड नाही."