शुभ आकडा

पेनांगच्या त्या छोट्या ऑफिसात नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आपापला वेगळा आकडा होता. चिनी समजुतीप्रमाणे ८८ म्हणजे भरभराट. तो बून कीटच्या कॉम्प्युटरला होता आणि शेजारच्या टेबलावरच्या सेंगचा त्यावर कधीपासून डोळा. आज सकाळपासून बून कीटचं नेट सारखं तुटत होतं आणि पडद्यावर एकच रडगाणं, 'हा आकडा दुसऱ्याने घेतलाय.'

"चोरा, माझं नशीब पळवतोस?" म्हणत बून कीटने लोखंडी स्टेपलर सेंगच्या कपाळावर हाणला. टेबलभर रक्त सांडलं.

"मी नाही रे घेतला! शेठ, पोलिसांना बोलवा, देव्हाऱ्यावरच्या नव्या कॅमेऱ्यात सगळं आलंय!"

शेठ कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले,

"काय दाखवू पोलिसांना? सकाळी बसवल्यापासून त्यात धड चित्रच येत नाही... आणि शुभ म्हणून मीच त्याला ८८ दिलाय."