कोरीनचं नाव

कोणाला पटायचं नाही, पण झेनोबीच्या गाण्यामागं मी तीस वर्षं ड्रम वाजवला आणि ठोका एकदाही चुकला नाही. परवा तिला पुरलं. परत फिरताना आमच्या न्यू ऑर्लिन्सच्या रिवाजाप्रमाणे बँडनं नाचाची चाल धरली आणि अख्खी गल्ली छत्र्या उडवत निघाली. आईच्या दौऱ्यांपायी आजीकडे वाढलेली झेनोबीची लेक कोरीन तेवढी थिजल्यासारखी चालत होती.

"काका, आई कधी माझं नाव काढायची?"

"काढायची म्हणजे? त्याशिवाय गायला तोंड उघडायची नाही! मेम्फिसला तर माइकवर म्हणाली, 'हे माझ्या कोरीनसाठी.' सगळं थिएटर रडलं गं, दारवानासकट!"

"मेम्फिसला मी आले होते, काका," कोरीन म्हणाली. "दुसऱ्या रांगेत बसले होते."