लिंडनसाठी एक मत

"अहो बाई, पाच काय पाच? नवरा उठून बसेल तुमचा!" फुलवाल्या गिनाने जुडीतून एक कार्नेशन ओढून काढलं. "जित्याला विषम, मेलेल्याला सम. इतकी वर्षं शाळेत शिकवलंत आणि एवढं विसरता?"

"डोकं ठिकाणावर नाही गं. निवडणूक आठवड्यावर आलीय," नेवेना म्हणाली आणि चार फुलं पिशवीत ठेवली.

"इलियाभाऊंचा श्रद्धांजलीचा कागद बघितला तुमच्या दारावर, काळ्या चौकटीत फोटो. सात वर्षं झाली ना त्यांना जाऊन? काय भला माणूस होता!"

"तो असताना तू त्याला चक्रम म्हणायचीस."

"म्हणायचेच! आपल्या गावात मेल्याशिवाय माणसाचे गुण दिसत नाहीत, त्याला मी काय करू?" गिना खो खो हसली. "मत मात्र तुम्हाला देणार नाही हं, आधीच सांगते. झाडं गेली तर दुकानापुढे चार गाड्या उभ्या राहतील. गिऱ्हाईक वाढेल माझं."

नेवेनाने पैसे मोजून दिले. डॅन्यूबकाठच्या त्या गावात हिरवा पक्ष म्हणजे आधी ती आणि इलिया होते, आता ती एकटीच. तीस वर्षांत सात निवडणुका, सात वेळा आपटी. सगळ्यात जास्त मतं पडली ती एकसष्ट, आणि त्यातलं एक तिचं स्वतःचं. पण यंदा नदीच्या रस्त्यावरची लिंडनच्या झाडांची रांग तोडून तिथे वाहनतळ करायचा घाट होता. नगरपालिकेत पाच जण होते तोडा म्हणणारे, पाच जण नको म्हणणारे. रिकामी असलेली अकरावी जागा तिला मिळाली तर झाडं वाचत होती, नाही तर वसंतात करवती चालणार होत्या.

दुसऱ्या दिवशी ती बसने जिल्ह्याच्या ठिकाणी छापखान्यात गेली.

"रंगीत छापू ना, बाई?" छापखानेवाल्याने विचारलं. "तुमच्या समोरच्याचे फलक बघा. माणसापेक्षा मोठे!"

"आणि झाडांना खिळे ठोकून लावलेले. परवा चाळीस खिळे उपटलेत मी. रंगाचं पाणी शेवटी जातं कुठं? नदीतच ना? एका शाईत छापा, रद्दीपासून केलेल्या कागदावर."

"मग ही पानांची चौकट हिरवी नाही यायची, काळीच येईल."

"नाही तर नाही."

मजकूर तिने मोजकाच ठेवला होता. वर शाळेतला जुना फोटो, खाली नाव, त्याखाली दोन ओळी: 'तीस वर्षं आपल्या झाडांसाठी झटली. तिला विसरू नका. रविवारी सकाळपासून, शाळेचं सभागृह.' पक्षाचं नाव घालायला जागा उरली नाही, पण ते गावाला तोंडपाठ होतं.

दोनशे कागद तिने कणकेच्या खळीने दोनशे दारांवर चिकटवले. झाडाला खिळा नाही, भिंतीला रंग नाही. आणि आमच्या लोकांचं असं आहे, वर्तमानपत्र कुणी उघडणार नाही, पण दारावरचा कागद वाचल्याशिवाय पाऊल पुढे पडायचं नाही. दिवसभर भुरभुर पाऊस होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ती भिजून चिंब झाली, तशीच झोपली आणि सकाळी जिन्यात कोसळली.

शेजारच्या नादकाने रुग्णवाहिका बोलावली. स्ट्रेचर खाली नेताना नेवेनाला एवढंच दिसलं, की नादका तोंडाला डोक्याचा रुमाल लावून उभी आहे.

फुप्फुसांना सूज होती. जिल्ह्याच्या इस्पितळात सहा दिवस गेले. बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीकडे लेकी-सुना रोज यायच्या, चीजची गरम बानित्सा आणायच्या. दार करकरलं की नेवेना केसांवरून हात फिरवून उठून बसायची. तिच्यासाठी कुणी आलं नाही.

"तुमचं कुणी नाही का हो, बाई?" म्हातारीने विचारलं.

"आहे की. अख्खं गाव आहे," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. दोन तासांची बस होती. एकाला येववलं नाही?

मतदानाचा रविवारही खाटेवरच गेला. तिचं स्वतःचंही मत पडलं नाही. म्हणजे यंदा फार तर साठ, असा तिने हिशेब केला.

सोमवारी दुपारी ती गावात उतरली. जेवणाची वेळ, त्यात पाऊस, रस्ते ओस पडलेले. गिनाच्या दुकानाला कुलूप होतं, बादल्या रिकाम्या उपड्या घातलेल्या. शाळेच्या फाटकावर निकालाची यादी लावली होती. नेवेनाने सवयीने खालून वाचायला सुरुवात केली. नाव सापडेना. वर, आणखी वर. पहिल्याच ओळीत होतं: नेवेना कालचेवा, चौदाशे बारा.

तिने फाटक घट्ट धरलं. मग रस्ता ओलांडून पहिल्या लिंडनच्या ओल्या बुंध्यावर तळहात ठेवला. "वाचलास रे बाबा," ती म्हणाली.

घराचा उंबरा दिसत नव्हता. फुलंच फुलं! शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिला कुणी फूल दिलं नव्हतं. कार्नेशनच्या जुडीत गिनाची चिठ्ठी खोचलेली होती: 'मत तुम्हालाच दिलं, बाई. आता तरी राग सोडा.' नादकाची शेवंती होती. वीस-वीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांची नावं होती. नेवेना दारातच बसली आणि हुंदके देऊन रडली, या खेपेला आनंदाने. उगाच गावाला बोल लावला आपण. यांना बोलता येत नाही, एवढंच.

फुलदाणी एकच होती. तिने पातेली काढली, बरण्या काढल्या, बादली भरली. कशात किती मावतील ते बघायला म्हणून मास्तरणीच्या सवयीने मोजू लागली. गिनाची सहा. नादकाची चार. त्याखालची आठ.

तिचा हात मंदावला. पातेलं बाजूला सारून तिने सगळ्या जुड्या जमिनीवर ओळीने मांडल्या आणि पहिल्यापासून पुन्हा मोजल्या. एकही विषम नव्हती.