अक्तोशचा वाटा

चुलीवरच्या कढईचं झाकण खडखडलं. बुरुलने उठून ते तिरकं केलं. मागे अकरा बायका रिकाम्या ताटाकडे बघत होत्या. ताट कलिपा एजेंच्या पुढ्यात होतं.

महिन्यातून एकदा शेरिने, म्हणजे बायकांचं एकत्र जेवण, आळीपाळीने एकेकीच्या घरी; आज बुरुलच्या. मेंढी कापायची, ज्या त्या बाईला तिच्या मानाप्रमाणे हाडाचा वाटा द्यायचा, आणि चहा झाला की शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या एजेंचं, म्हणजे कलिपाताईंचं, पाव तास ऐकायचं. पाव का फुगतो, हिमनदी मागे का सरकते. आधी हसणाऱ्या बायकांना आता त्याची गोडी लागली होती. आज एजेंनी सकाळी कापलेल्या मेंढीची कलेजी मागितली, दाखवायला.

बुरुलने सरळ सांगितलं होतं, तिच्यावर पाण्याचे पांढरे फोड होते हो, अंड्याएवढे. असली कलेजी पाहुण्यांना कोण वाढतं? अक्तोशला टाकली.

"कुत्रा झाला म्हणून काय, त्याचा वाटा नको?" तुर्सुनाय म्हणाली आणि सगळ्या हसल्या. एजे हसल्या नाहीत.

आता त्या सावकाश बोलू लागल्या. फोडात नुसतं पाणी नसतं, किड्यांची पिल्लं असतात. कुत्र्याच्या पोटात ती दीड महिन्यात मोठी होतात, अंडी घालतात. अंडी दिसत नाहीत. कुत्र्याच्या केसांना लागतात, केसांवरून हाताला, हातावरून तोंडात. मग माणसाच्या कलेजीत तसाच फोड धरतो. दुखत नाही. वर्षानुवर्षं वाढत राहतो.

"आमच्या सात पिढ्यांनी कुत्र्यालाच टाकली," बुरुलची सासू सोनुन म्हणाली. "मग काय मुल्लाला वाढायची?"

"तुमचा धाकटा दीर कशाने गेला, अपा?" एजेंनी म्हातारीला विचारलं.

म्हातारीने हातातला पियाला खाली ठेवला.

बुरुल ऐकत नव्हती. ती वर्षं मोजत होती. तिची पोर मीरिम रांगत होती तेव्हा अक्तोश पिल्लू म्हणून घरात आला. त्याच्या मानेचे केस धरून पोर उभी राहायला शिकली. तेव्हापासून पाच हिवाळे. दर हिवाळ्याच्या तोंडावर मेंढ्या कापल्या, आणि दर वेळी खराब कलेजी उंबऱ्यावरून बाहेर फेकली ती बुरुलनेच. लांब फेकायची, म्हणजे तो झेलायचा आणि मीरिम टाळ्या वाजवायची.

उन्हाळ्यात पोरीला न्हाऊ घालताना उजव्या बरगडीखाली तळव्याला काहीतरी लागलं होतं. अक्रोडासारखं. सासू म्हणाली, कच्ची सफरचंदं खाते, दुसरं काय. बुरुलने विश्वास ठेवला. ठेवायचाच होता.

ती चपला न घालताच बाहेर आली. पायरीवर मीरिम पावाचा तुकडा आधी स्वतः चावत होती, मग अक्तोशला चाटायला देत होती, मग पुन्हा स्वतः. बुरुलने पाव हिसकावला. कुत्र्याला मानेला धरून फरफटत गोठ्यामागे नेलं आणि साखळीने आखडून बांधलं. कुत्र्याला वाटलं खेळ आहे. तो तिचं मनगट चाटत राहिला.

मग गरम पाणी आणि साबण. पोरीचे हात, नखं, तोंड, पुन्हा हात. कातडी लाल झाली तरी ती चोळतच होती.

कलिपा एजे दारात येऊन उभ्या राहिल्या. बुरुलने पोरीच्या उजव्या बरगडीखाली बोट ठेवून दाखवलं. "उद्या पहाटेच्या गाडीने ओशच्या दवाखान्यात नेऊ. फोटो काढतात पोटाचा. मी येते."

"फोड निघतो ना, एजे?"

"लवकर कळलं तर काढतात."

बुरुलने लवकर म्हणजे किती, ते विचारलं नाही. तांब्यातलं उरलेलं पाणी तिने पोरीच्या हातावर ओतलं.

"आई, भाजतंय."

"थोडंच राहिलंय, बाळा."

"अक्तोशला का बांधलंस?"

"त्याने घाण खाल्ली म्हणून."

मीरिमने ओले हात फ्रॉकला पुसले आणि गोठ्याकडे बघितलं. साखळी वाजत होती.

"त्याला कुणी दिली?"