पारख

"आत्याचं आता एकटीने भागत नाही, बाबा. तिच्यासाठी वृद्धाश्रमातली खोली तुम्हीच बघा. तुमच्याइतकी पारख कुणाला आहे?" असं म्हणून मुलाने वडिलांना आणलं. त्यांचा सगळा जन्म वायरमन म्हणून गेलेला. त्यांनी एकेक बटण दाबून पाहिलं, बोलावण्याची घंटा उशाशी घ्यायला लावली.

"झकास! तिला काय, कुठेही करमतं. पण एकटीला दोन खाटा कशाला रे?"

मुलगा काही बोलणार, तोच सुनेचा हात धरून आत्या दारात आली.

"अगंबाई, दादा, तूही आलास? बरं झालं. तुझ्यासाठीच खोली बघायला सूनबाईने आणलंय मला. छान आहे की! पण तुला एकट्याला दोन खाटा कशाला?"

मुलगा तोवर गाडीतून दोघांच्याही बॅगा आणायला गेला होता.